कोरेगावच्या बाजारातली घोंगडी

त्या साली रानात मेंढरं बसवायची नाहीत, असं आबा, माझे वडील, कधीच म्हणाले नव्हते. ते मी म्हणालो होतो आणि आबांच्या नावावर खपवलं होतं. आई होती तोवर तिला हे सांगितलं नाही. बायकोला आजही ठाऊक नाही. मी मुळात कमी बोलणारा, त्यामुळे माझं गप्प बसणं कुणाला कधी खटकलं नाही. स्वभाव आहे म्हणतात आणि सोडून देतात. पण याला स्वभाव म्हणून चालणार नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव उंब्रजच्या जवळ, नदीकाठचं, उसाचं. ऊस तुटून गेला की रान उघडं पडतं, आणि त्याच सुमाराला पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातले धनगर मेंढरं घेऊन आमच्याकडे उतरतात. मेंढरं दिवसा बांधावर, पाल्यावर चरतात आणि रात्री एकेकाच्या रानात जाळी लावून कोंडतात. लेंडीचं खत रानाला मिळतं, ज्वारी धनगराला. याला मेंढरं बसवणं म्हणतात. त्याची एक रीत आहे. मेंढरं रानात घालायच्या आधी धनगर एकटा येतो आणि बांधाच्या बाहेर उभा राहून घरधन्याला विचारतो. धनी "या" म्हणाला की झालं. "नको" म्हणाला तर कारण विचारायचं नाही, पुढच्या रानाकडे वळायचं. ही कारण न विचारण्याची रीत मला फार सोयीची पडली.

आमच्या रानात दरसाल येणारा धनगर एकच, माण तालुक्यातला. आम्ही सगळे त्यांना 'पावनं' म्हणायचो. आबा 'गड्या' म्हणायचे. दोघांची ओळख साताऱ्यातल्या लष्करभरतीच्या रांगेतली. विशीच्या आतली दोन पोरं, एकामागे एक उभी. आबांची छाती मापात बसली, पावन्यांची अर्ध्या इंचानं कमी पडली. आबा पलटणीत गेले, पावनं मेंढरांमागं. बऱ्याच वर्षांनी आबा सुट्टीवर आले असताना मेंढरं बसवायची का म्हणून विचारायला एक माणूस बांधाबाहेर येऊन उभा राहिला, आणि त्याला बघून आबा ओरडले म्हणे, "आरं, तू तर माज्या म्होरं हुतास की!"

त्या अर्ध्या इंचावर दोघं जन्मभर भांडले.

"तुजी छाती भरली आन माजी न्हाई, म्हणून तू बंदुका वडल्यास आन मी शेपट्या," पावनं म्हणायचे.

"गप रं. सुटलास तू. परेड केली आसतीस तर कळलं आसतं."

"परेड मी बी करतोय की. माजी पलटण तुज्या पलटणीपरीस मोठी हाय. आन एक बी शिपाई पेन्शन मागत न्हाई."

आबा हसायचे. घरात आबा हसत नसत. रागीट नव्हते, मोजकंच बोलायचे. मी मॅट्रिक झालो तेव्हा "ठीक" म्हणाले. मला सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा "बरं झालं" म्हणाले. आणि हा मेंढरांचा वास मारणारा माणूस बांधावर टेकला की त्याच आबांना पाझर फुटायचा. फ्रंटवरच्या गोष्टी, मेलेले दोस्त, जनावरांचे भाव, सगळं. आमच्या ताटात वाढायची भाकरी आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या ताटात पडावी, तसं मला व्हायचं. मी त्याला राग म्हणायचो. राग नव्हता तो. जळत होतो मी.

दुष्काळाची बहात्तर-त्र्याहत्तरची वर्षं मागे पडून दोन-तीन हंगाम झाले असतील. दसऱ्याच्या सुमाराला आबांना घास गिळेना. मी त्यांना सांगलीला आणलं, विश्रामबागेतल्या माझ्या दोन खोल्यांत ठेवलं, दवाखान्यात दाखवलं. अन्ननलिकेत गाठ होती आणि ती पसरलेली होती. डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या. दुखायला लागलं की या गोळ्या द्या. जाईल ते पातळ पाजा." माणूस भला होता, पण पुढे तोही काही सांगू शकला नाही. घरी नेऊन करायचं काय, हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतंच. मरायला टेकलेल्या माणसाची सेवा बायकोला, सुनेला, पोराला आपसूक येते, असं सगळे धरून चालायचे.

मला आली नाही. बिनपगारी रजा काढून मी आबांना घेऊन गावी आलो. दूध गाळून, कोमट करून चमच्यानं पाजायचो. गोळ्या वेळच्या वेळी. आबा दोन चमचे घेत आणि भिंतीकडे तोंड फिरवत. अंग पुसायला गेलो की मनगट धरत.

"तू नगं. आईला बोलीव."

आईचे हात संधिवातानं आखडलेले. तिला त्यांना कुशीवर वळवणंही जमायचं नाही. मग ते तसेच ओल्यात पडून राहत, पण मला हात लावू देत नसत. मी म्हणायचो, "आबा, माझ्यापाशी लाज कसली?" ते डोळे मिटून घेत. आबांना ठेवलं होतं त्या पुढच्या सोप्यात अंधार केलेला. बघायला येणारी माणसं हळू आवाजात "कसं हाय?" विचारत, तेही आबांना नाही, मला.

पौषात पावनं आले. नेहमीप्रमाणे आधी बांधावर जाऊन उभे राहिले, तिथं आबा नाहीत म्हटल्यावर घरी आले. सोप्याच्या उंबऱ्यातूनच मोठ्यानं म्हणाले, "काय रं गड्या! आजून फालिन न्हाई? परेडची येळ झाली की!"

आई म्हणाली, "आवं भावजी, हळू बोला. त्यास्नी तरास व्हतोय."

"वैनी, समदीच हळू बोलाय लागली तर त्येला वाटंल आपून मेलोच. व्हय का न्हाई रं?"

मी त्यांना बाहेर न्यायला पुढं झालो होतो. पण आबा हसत होते. हसता हसता खोकला आला, तरी हसत होते. म्हणाले, "ये. आता मोज माजी छाती."

पावन्यांनी खरंच कमरेची दोरी सोडली आणि आबांच्या छातीभोवती धरली. बराच वेळ मापात काहीतरी बघितल्यासारखं केलं.

"नापास," म्हणाले. "चल मेंढरं राखाय."

आणि आबांना त्यांनी घोंगडीत गुंडाळून दोन्ही हातांवर उचललं. माझं मनगट धरणारे आबा, त्या माणसाच्या खांद्यावर डोकं टाकून दारातल्या बैलगाडीपर्यंत गेले.

त्यानंतर रोज हेच. सकाळी ऊन आलं की गाडीतनं रानात. बांधावरच्या बाभळीखाली खाट टाकलेली. मेंढरांमागं पावन्यांचे पोरगे जायचे, स्वतः पावनं खाटेजवळ लोकर कातत बसायचे. तीन दगडांवर पाणी तापवायचे आणि गाडीच्या आडोशाला आबांना धुऊन काढायचे. आबा स्वतःहून हात वर करायचे. हे मी लांबून बघितलंय. ज्या देहाला मला हात लावू दिला नाही, तो त्या माणसाच्या हातात असा सैल सोडलेला.

हुलग्याचं पातळ माडगं त्यांच्या पालावर शिजायचं. माझं गाळलेलं दूध नाकारणारे आबा ते माडगं घुटक्या-घुटक्यानं घ्यायचे. थंडीनं हात गार पडले की पावनं नुकतं जन्मलेलं कोकरू आबांच्या पोटाशी ठेवायचे, आणि आबा त्याच्या पाठीवर बोटं फिरवत पडून राहायचे.

मी एकदा म्हणालो, "आजारी माणसाला असं उघड्यावर ठेवत नाहीत. आमच्यात तसं नसतं."

"आसंल की, धाकलं मालक," पावनं लोकर कातायच्या चातीवरची नजर न काढता म्हणाले. "आमच्यात म्हाताऱ्याला आत ठिवाय आत कुठलं हाय? घोड्यावर बसवून संगं न्यायचं. माजा बा वाटंवरच गेला. त्येच्यापायी मेंढरांचा वाडा हालवला न्हाई आमी. बाया भाकऱ्या थापत हुत्या, पोरं खेळत हुती, मेंढ्या वीत हुत्या. त्येला वाटलं आसंल, चाललंय समदं, आपून गेल्यालं बी चालंल."

आबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "ब्येस गेला."

त्या दोन शब्दांनी मला काय झालं सांगू? मला वाटलं, याच्या बापाच्या मरणाचासुद्धा आबांना हेवा वाटतोय, आणि माझ्या सेवेची त्यांना नुसती अडचण.

मग ती संध्याकाळ. आबांची गोळी द्यायची वेळ झाली म्हणून मी रानात गेलो. गाडीच्या मागं होतो, त्यांना दिसत नव्हतो.

आबांचा आवाज आला. "भ्या वाटतंय रं."

"कशाचं?"

"ठावं न्हाई. त्येच तर."

पावन्यांनी चाती खाली ठेवली. मग म्हणाले, "मला बी वाटतंय. लांडगा आल्यावर न्हाई वाटत. यायच्या आधी वाटतंय."

आणि आबा रडले. पलटणीत इतकी वर्षं काढलेला माणूस, माझ्या आज्ज्याच्या मयतीत डोळ्याला पाणी न आलेला माणूस, मोठ्यानं रडला. पावन्यांनी समजूत घातली नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले, एवढंच.

मी गोळी खिशात ठेवली आणि माघारी फिरलो. घरी आल्यावर आठवलं. पुन्हा गेलो तोवर आबा दुखण्यानं कण्हत होते. उशीर का झाला, कुणी विचारलं नाही.

माझा हिशेब असा चालला होता: पगार सोडला मी. बायको सांगलीत एकटी, माझ्यामुळं. पोटचा मुलगा मी. आणि आबांपाशी आता देण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, त्यांची भीती. ती त्यांनी त्याला दिली.

आमच्या रानातला मुक्काम संपला. पुढच्या गावांना शब्द दिलेला असतो, तो मोडता येत नाही. निघताना पावनं म्हणाले, "ह्या वाटनंच माघारी फिरायचंय. येताना खालच्या रानात बसवतो. तवर दम धर, लेका."

"धरतो. जा तू."

आबांनी दम धरला होता, हे माझ्या डोळ्यांसमोर आहे. दुधात पाणी घालूनही उतरेना, आवाज बसला, पण घरात कुणी पाऊल टाकलं की पहिला प्रश्न: "पावनं कुठवर आलं?" दूध घालायला येणाऱ्याला, दाढी करायला येणाऱ्याला, मला. मी उशी सरळ करत असायचो तेव्हाही. मी म्हणायचो, "येतील की आबा. मी आहे ना." ते माझ्याकडं बघत, आणि पुन्हा दाराकडं.

पावनं आले ते भर दुपारी. मी खालच्या रानात होतो. रीतीप्रमाणं बांधाच्या बाहेर उभे राहिले.

"धाकलं मालक, उद्या घालू का मेंढरं?"

मी आधी ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. तोंडातनं आलं, "या बारीला नको. पोत्यातलं खत टाकायचं ठरलंय."

"बरं," ते म्हणाले. "मेंढरं ऱ्हाऊ द्या. गड्याला बघून जातो."

रीत इथं संपत होती. मेंढरांना नाही म्हणायचा मला हक्क होता; माणसाला नाही म्हणायचा नव्हता. तरी मी म्हणालो, "आबाच नको म्हणाले. मेंढरंही नको आणि भेटायलाही नको. त्यांना आता घरच्यांशिवाय कुणी नको वाटतं."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी नजर खाली घातली नाही.

"आबा म्हणलं?"

"व्हय."

"मी म्हणून नगं म्हणलं, का समद्यास्नीच?"

इथं मला सुटता आलं असतं. 'सगळ्यांनाच' म्हणालो असतो तर त्या माणसाला पुढं जन्मभर जे वागवावं लागलं ते लागलं नसतं. मी म्हणालो, "तुमचं नाव घेऊन म्हणाले."

त्यांनी कारण विचारलं नाही. खांद्यावरची घोंगडी काढून घडी केली आणि बांधावरनं माझ्या हातात दिली. "ही तेवढी त्येच्याखाली हातरा. पाठ सोललीया त्येची. माजी म्हणून सांगू नगा. नगं वाटंल त्येला."

मग पोरग्यांना हाळी दिली आणि मेंढरं वळवली.

घोंगडी घेऊन घरी आलो. आबांना कुशीवर केलं, खाली हातरली. आबा म्हणाले, "कुठली ही?"

"कोरेगावच्या बाजारातली. परवा एक जण जाणार होता, त्याला आणायला सांगितली होती."

आबांचा हात घोंगडीवरनं फिरत फिरत एका कोपऱ्यापाशी गेला आणि थांबला. तिथं चिलमीची ठिणगी पडून पडलेलं भोक होतं, बोट जाईल एवढं. मी ते बघितलंच नव्हतं. आबांनी त्यात बोट घातलं. ते भोक किती जुनं होतं, ती ठिणगी कुणाच्या चिलमीतली होती, हे ते दोघंच जाणत असतील. मेंढरांचा वास तर घरभर झाला होता.

"कोरेगावची," आबा म्हणाले.

"व्हय."

"बरं."

त्यानंतर त्यांनी पावनं कुठवर आलं म्हणून कधीच विचारलं नाही. ना मला, ना दूधवाल्याला. दाराकडं बघणंही थांबलं.

दुसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं नाही. मी त्यांना पुसलं, धोतर बदललं, पाठीला तेल लावलं. वळवलं तिकडं वळले. माझ्या हातून दूध घेतलं, जेवढं गेलं तेवढं. जायच्या दिवसापर्यंत त्यांचं सगळं मीच केलं, आणि गाव म्हणालं, पोरगा असावा तर असा.

आता हेही सांगून टाकतो, कारण यापेक्षा वाईट माझ्यापाशी दुसरं काही नाही. ते दिवस मला सुखाचे गेले. सकाळी उठल्यावर आनंद व्हायचा, की आज आबा माझेच आहेत. ते हसत नव्हते, हे मला दिसत होतं. भीती वाटते असं मला म्हणाले नाहीत. मी एकदा विचारलंही, "आबा, काही बोलायचंय का?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. एक बोट त्या भोकात असायचं. मी माझं माझं सुख घेत राहिलो.

ते गेले तेव्हा तोंडात पाणी मीच घातलं. आईनं अंथरूण नदीला सोडायला लावलं. घोंगडी तेवढी मी सांगलीला नेली.

पुढच्या हंगामात पावनं बांधावर येऊन उभे राहिले. मी नोकरीवर होतो. आईनं "या" म्हटलं. मी गावी गेलो तेव्हा जेवायला वाढताना ती म्हणाली, "पावनं रडत हुतं रं. म्हणलं, वैनी, चूक माजीच. मी त्येला रडताना बघितलं. शिपाईगडी त्यो. त्येला लाज वाटली आसंल, म्हणून त्येनं मला तोडलं. मी तवा तोंड फिरवाया पायजे हुतं." मग भाकरी हातात तशीच धरून तिनं विचारलं, "म्हणून मदीच इचारायचं सोडलं व्हय त्येंनी? पर कवा रडलं रं आबा?"

"मला काय ठाऊक," मी म्हणालो आणि आमटीत भाकरी कुस्करली.

नंतरही ते बरीच वर्षं येत होते. पौषात मी गावाकडं फिरकत नसे. ऑफिसात काम आहे म्हणायचो. आता पावनं येत नाहीत, त्यांचे पोरगे येतात. मागं एकदा थोरला भेटला. म्हणाला, "म्हाताऱ्याला आता दिसत न्हाई. झाडाखाली बसून आस्तं. नातवंडांस्नी अर्ध्या इंचाची गोष्ट सांगतंय. रोज तीच."

"आणि शेवटच्या सालाची?" मी विचारलं.

"ती न्हाई सांगत."

गेल्या हिवाळ्यात घोंगडी पिशवीत घालून मी कोरेगावच्या स्टँडपर्यंत गेलो. माणकडं जाणारी एसटी लागली होती. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "काका, येताय का?" मी बाकावरनं उठलो नाही. एका जागी एवढा वेळ बसून आबा काय म्हणाले असते याचा विचार केला, पण खरं तर विचार वेगळाच होता. मी जाऊन सांगितलं, तर त्या म्हाताऱ्याला त्याचा गडी परत मिळेल. आणि माझ्या वाट्याला आलेले ते थोडे दिवस, जे मी चोरले, ते माझे राहणार नाहीत. आबा मला तेव्हा हात लावू देत होते ते माझ्यासाठी नाही, त्यांनी सोडून दिलं होतं म्हणून, हे मला त्या माणसासमोर कबूल करावं लागेल. या वयातसुद्धा मला ते सोडवत नाही. साताऱ्याची गाडी आली, तिच्यात बसून परत आलो.

पावनं अजून हयात आहेत. त्यांची घोंगडी त्यांना परत द्यायची आहे, आणि आबांनी तुम्हाला नको म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं, आबा तुमचीच वाट बघत होते, हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं आहे. एवढं माझं देणं बाकी आहे.